कर्णवर्धन

डेक्कन जिमखान्याच्या बाजूला, एका जुन्या बंगल्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, कान, नाक आणि भुवई टोचून देण्याचे जे एक लहानसे दुकान आहे, तेथील मेजावर माझा भाचा गेल्या वर्षीच्या माघात एका दोन पानी कबुलीपत्रावर सही करीत होता, आणि मी, ज्याच्या सहीची तेथे कोणालाच आवश्यकता नव्हती, शेजारी बसून त्या कबुलीपत्राचे कलम न् कलम वाचीत होतो. वय अठरा पूर्ण, रक्त पातळ करणारी औषधे चालू नाहीत, मधुमेह नाही, पूर्वीच्या जखमांचे वण फुगून वर आल्याची हकिकत नाही, पुढील निगा राखण्याची जबाबदारी सर्वस्वी स्वतःची, आणि सर्वांच्या शेवटी, छिद्र फार वाढविल्यास ते पुन्हा आपोआप मिटेल अशी हमी कोणीही दिलेली नाही, याची पूर्ण जाणीव आहे. जुन्या दफ्तरांतल्या जामीनकतब्याची आठवण व्हावी इतकी ती भाषा रोखठोक होती, आणि आपल्याच देहाच्या एका चिमूटभर भागाविषयी चोवीस वर्षांचा मुलगा असा करार करतो आहे, या गोष्टीचे गांभीर्य मला त्या शेवटच्या कलमाशी आल्यावर खरे जाणवले.

त्याचा बेत असा होता. सोनार ज्या तारेने कान टोचतो तिची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असते. याला मात्र दोन्ही पाळ्यांत पहिल्याच दिवशी ४ मिलिमीटरचे छिद्र हवे होते, आणि ते भरून आल्यावर पायरीपायरीने, दोनेक वर्षांच्या मुदतीत, १६ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पूर्वी चलनात असलेल्या पोलादी दहा पैशांच्या नाण्याएवढे, वाढवावयाचे होते. या व्यवसायातील मापे तारेच्या क्रमांकांवरून आलेली असून ती उलटी चालतात: छिद्रांच्या पट्टीतून तार जितक्या अधिक वेळा ओढावी तितकी ती बारीक होते आणि तिचा क्रमांक वाढतो, म्हणून २० गेज म्हणजे अवघे ०.८ मिलिमीटर, ६ गेज म्हणजे ४, शून्य गेज म्हणजे ८, आणि दोन शून्ये म्हणजे सुमारे १०. तेथे क्रमांक संपतात. पुढे नुसते मिलिमीटरच बोलले जातात. ‘मामा, सिक्सने सुरुवात, मग फोर, मग टू, मग झीरो,’ असे तो मला समजावून सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. महिनोन्‌महिने विचार करून ठरविलेल्या कामाचा तपशील सांगणाऱ्याची शांतता होती.

खरे सांगायचे तर मी त्याला परावृत्त करण्यासाठीच सोबत गेलो होतो. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, तशी कामगिरीच माझ्यावर सोपविली होती. बारशाच्या दिवशी त्याचे कान टोचले होते, ती भोके पुढे शाळेत बुजून गेली. आता पुन्हा टोचायचेच असतील तर सोनाराकडून टोचून घ्यावेत, हे भलते भगदाड कशाला, असे तिचे म्हणणे. कान सोनारानेच टोचावेत ही आपली म्हण उपदेशाच्या संदर्भात वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली आहे, की तिच्या मागे एक प्रत्यक्ष कसब आहे, याचा आपल्याला विसर पडतो. म्हणून आधी आम्ही सोन्या मारुती चौकाजवळच्या एका वृद्ध सोनारांकडे गेलो. त्यांनी भाच्याची पाळी बोटांच्या चिमटीत धरून दाबून पाहिली, बेत शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितले, ‘हे माझ्या तारेचे काम नाही. मी भोक पाडतो ते बाळी जाण्यापुरते. तुम्हाला हवे ते भोक नव्हे, तो दरवाजा आहे. त्याला चौकट बसवणारा माणूस शोधा.’ ओघळलेल्या कानांच्या बायका त्यांच्याकडे नित्य येतात. त्यांच्या कुडीच्या मागे फिरकीबरोबर ते रुंद चकती बसवून देतात, म्हणजे भार एका रेघेवर न येता पाळीभर वाटला जातो. त्या चकत्यांची डबी त्यांनी उघडून दाखविली. भाराची वाटणी हाच कानातल्या दागिन्याचा मुख्य प्रश्न आहे, हे मी त्या डबीवरून शिकलो.

भाच्याच्या मनात हे आले ते कार्ल्याला. वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी मोजमापे घेऊन रेखाटने करण्याकरिता त्यांचा वर्ग तेथील चैत्यगृहात गेला होता. ओसरीत जी स्त्रीपुरुषांची युग्मे कोरलेली आहेत, दोन हजार वर्षांच्या उन्हापावसानंतरही ज्यांच्या उभे राहण्यात विलक्षण डौल आहे, त्यांच्यापुढे आपण बहुतेकजण त्या डौलाकडे पाहतो. हा मुलगा फूटपट्टी घेऊन त्यांच्या कानांकडे पाहत बसला. ती आभूषणे पाळीला लटकलेली नाहीत. पाळीच्या आत बसलेली आहेत, आणि पाळी त्यांच्याभोवती महिरपीसारखी फिरलेली आहे. पुढे तेर आणि नेवासे यांसारख्या सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननांत निघालेल्या भाजलेल्या मातीच्या कर्णचकत्या त्याने पाहिल्या: मधोमध कंबर बारीक, दोन्ही तोंडांकडे किंचित पसरट, डमरूचा मधला भाग कापून घ्यावा तशा. आज डेक्कनच्या त्या दुकानातील काचेच्या कपाटात ‘डबल फ्लेअर प्लग’ या नावाने जो जिन्नस मांडलेला असतो त्याचा आकार तंतोतंत हाच. वस्तू एकदा पाळीत शिरली की दोन्ही बाजूंच्या पसरट कडांमुळे ती आपोआप अडकून राहावी, तिला फिरकी लागू नये, हा विचार तेरच्या कुंभाराने केला तो आजही बदलण्याची गरज कोणाला पडलेली नाही. घारापुरीच्या सदाशिवाचे कान असोत, बुद्धाच्या मूर्तीचे अलंकार उतरून ठेवल्यावर रिकामे लोंबणारे कान असोत, आपल्या शिल्पकारांना न वाढविलेला कान जणू अपुराच वाटत असे. आपण मात्र ‘लंबकर्ण’ हा शब्द गाढवासाठी राखून ठेवला.

अमेरिकेत १९७५ साली जिम वॉर्ड यांनी लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेल्या गाँटलेट या व्यवसायापासून देह टोचण्याला आजच्या दुकानाचे रूप आले, आणि तेथूनच हा शिरस्ता मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचला, हे खरे आहे. परंतु तो परत आला असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

टोचणारी मुलगी तिशीतली. तिने पहिल्यांदा जे केले त्याने माझे मन जिंकले: तिने त्याच्या एका मागणीला नकार दिला. मूळ बेत ४ चा नव्हे, ६ मिलिमीटरचा होता, आणि तो पोकळ गोल पात्याने पाळीतून मांसाची टिकली काढून घेऊन पुरा करावा, असे भाच्याचे म्हणणे होते. ती म्हणाली, ‘काढून टाकलेले मांस परत येत नाही. ताणलेली पाळी तुझीच राहते. आज जे कापून फेकशील ते तुला पुढे सोळाला पोहोचल्यावर हवे असेल.’ पहिल्याच दिवशी ४ घेणेही तिच्या मताने घाईचेच होते, १.६ पासून सुरुवात केली असती तर जखम लवकर भरली असती. पण पाळ्या मांसल होत्या, मधली जागा पुरेशी होती, म्हणून तिने होकार दिला. मग तिने त्याला सरळ उभे केले, पुढून, बाजूने, पुन्हा पुढून पाहिले, दोन्ही पाळ्यांवर शाईचे बारीक ठिपके दिले, एक पुसला, केसभर खाली पुन्हा दिला. छिद्र वाढताना ते सर्व बाजूंना सारखे वाढत नाही, भार खाली ओढतो आणि खालची कड विरत जाते. म्हणून प्रारंभीचा ठिपका आजच्या कानासाठी नसतो, दोन वर्षांनंतरच्या कानासाठी असतो.

सुई वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेल्या पाकिटातून निघाली. पोकळ, तिरप्या धारेची, बोरूच्या लेखणीसारखी छाटलेली. तिची जाडी पाहून माझ्याच हाताला घाम सुटला. ‘दीर्घ श्वास घे, आता सोड,’ असे ती म्हणाली, आणि श्वास सुटत असताना सुई एकाच संथ गतीने पार गेली. झटका नव्हता. सुईच्या मागोमाग, तिच्याच वाटेने, टायटॅनियमचा लहानसा दांडा आत सरकला आणि दोन्ही बाजूंना रबरी कड्या बसल्या. रक्ताचे दोन थेंब. कान मात्र क्षणात तांबडालाल झाला आणि कितीतरी वेळ तसाच होता. घरी जाताना तिने पाठ करून घेतले: शरीरातल्या पाण्याइतकेच खारट, म्हणजे ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी दिवसातून दोनदा. बोटांनी फिरवायचे नाही. खपली ओढायची नाही. आणि किमान तीन-चार महिने मापाचा विचारही करायचा नाही.

घरी माझी आई होती. तिचे वय ७८. तिने नातवाला खिडकीत नेले, उजेडात कान पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो, ‘हळद लावली का?’ हळद लावायची नाही हे ऐकून ती थोडी नाराज झाली. मग म्हणाली, ‘नीट भरू दे हो. कानाची घाई मी पाहिली आहे.’

तिच्या डाव्या कानाची हकिकत घरात सर्वांना ठाऊक आहे, पण ती कोणी बोलून दाखवीत नाही, कारण तिचा कर्ता मी आहे. मी दीड वर्षांचा असताना, एका लग्नघरात, तिच्या कडेवर बसून मी तिच्या कानातला झुबा मुठीत धरला आणि कोणीतरी मला तिच्या कडेवरून उचलून घेतले. झुबा माझ्या मुठीत राहिला. पाळी खालपर्यंत दुभंगली, आणि त्या काळी अशा जखमेला टाके घालण्याची तजवीज आमच्या गावात नव्हती. दोन्ही पाकळ्या आपापल्या भरल्या, वेगवेगळ्या. जड दागिना घालायचा तर सोन्याचा किंवा मोत्यांचा वेल केसांत अडकवून त्याचा भार वर उचलून धरायचा असतो. त्या दिवशी घाईत तिने वेल लावला नव्हता, एवढेच तिने त्याबद्दल आजवर सांगितले आहे. गेली कित्येक दशके ती डाव्या बाजूचे केस किंचित सैल ठेवून कानावर आणते. एका कानात कुडी घालायची नाही, म्हणून दुसऱ्याही कानात तिने काही घातले नाही.

एका घरात असे दोन कान समोरासमोर आले, एक मुद्दाम वाढवायला काढलेला आणि एक फाटून राहिलेला, तेव्हा मी सुश्रुतसंहितेचा सूत्रस्थानातील १६ वा अध्याय पुन्हा उघडला. आणि ज्या दोन गोष्टी मी आजवर निरनिराळ्या समजत होतो त्या तेथे एकाच अध्यायात, एकीतून दुसरी निघावी अशा क्रमाने बसलेल्या आहेत, हे पाहून थक्क झालो. कर्णव्यधबंधविधी असे त्या अध्यायाचे नाव: कान टोचणे आणि कान बांधणे. बालकाचे कान रक्षणासाठी आणि भूषणासाठी टोचावेत, सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्ल पक्षात. मुलाला धात्रीच्या मांडीवर बसवावे, खेळणी दाखवून भुलवावे, चुचकारावे. वैद्याने डाव्या हाताने कान ओढून धरावा आणि सूर्याचे किरण जेथून आरपार उजळतात ते, दैवानेच जणू आधी पाडून ठेवलेले, छिद्र हेरून उजव्या हाताने हळूहळू, सरळ विंधावे. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. रक्त फार आले आणि वेदना फार झाली तर जागा चुकली असे समजावे. मग कापसाची वात सारावी, कच्च्या तेलाचे सिंचन करावे, आणि दर तीन दिवसांनी पहिलीपेक्षा जाड वात घालावी.

दर तीन दिवसांनी जाड वात! डेक्कनच्या त्या दुकानात मी जे नवे शास्त्र म्हणून ऐकत होतो त्याचे बीज किमान दीड हजार वर्षांपूर्वीच्या या एका सूचनेत आहे. आणि तेवढ्यावर हा आचार्य थांबत नाही. दोष व उपद्रव शमल्यावर पाळी वाढविण्यासाठी त्यात हलके ‘वर्धनक’ घालावे, असे तो सांगतो. म्हणजे वाढविण्यासाठी घातलेल्या वस्तूला त्याच्या भाषेत स्वतंत्र संज्ञा आहे. त्यानंतर विषय वळतो तो असा, की याप्रमाणे वाढविलेला कान दोषांमुळे किंवा आघातामुळे कधी दुभंगतो, तर त्याचे संधान कसे करावे ते आता ऐका. येथून पुढे कान जोडण्याचे १५ प्रकार येतात: नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, वल्लूरक, आसंगिम, गंडकर्ण असे, त्यांपैकी १० साध्य आणि ५ असाध्य. दुभंगलेल्या पाळीची एक पाकळी लांब व दुसरी आखूड असेल तर काय, दोन्ही आखूड असतील तर काय, पाळीच उरली नसेल तर काय, असा एकेका कानाचा विचार आहे. कडा खरवडून त्यांतून रक्त येऊ द्यावे, मगच त्या समोरासमोर आणून जुळवाव्यात. मध आणि तूप लावावे, कापूस आणि वस्त्र ठेवावे, दोरा फार घट्ट नाही, फार सैल नाही असा बांधावा. आणि रुग्णाने दिवसा झोपू नये, व्यायाम करू नये, फार जेवू नये, विस्तवाजवळ बसू नये, फार बोलू नये. पाळी मुळीच नसेल तर गालावरून मांस सोडवून घ्यावे, पण ते गालाशी जोडलेलेच राहील, जिवंत राहील, अशा रीतीने, आणि त्याची पाळी करावी. सांधलेला कान पूर्ण रुजला, त्यावर लव उगवली, वेदना राहिली नाही, म्हणजेच तो पुन्हा, शनैः शनैः, वाढवावा.

आणि याच अध्यायाच्या शेवटी, कापलेले नाक गालाच्या कातडीने नवे करण्याचा तो विधी येतो, ज्यामुळे जगभरचे शल्यविशारद सुश्रुताचे नाव घेतात. नाकाचा तो विधी आपण सर्वांनी ऐकलेला असतो. तो कानाच्या अध्यायात आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. माझ्या मते यात फार मोठा अर्थ आहे. लोकांना कान वाढविण्याची हौस होती, वाढविलेले कान फाटत, फाटलेले कान सांधून घेण्यासाठी ते वैद्याकडे येत, आणि कान सांधता सांधता, जिवंत मांसाचा एक तुकडा मुळाशी जोडलेला ठेवून दुसरीकडे रुजविता येतो, हे ज्ञान वैद्याच्या हाताला झाले. ज्या भूषणाला आपण देहाची निष्कारण विटंबना म्हणतो त्याच्याच पोटी देह पुन्हा घडविण्याची विद्या जन्मली.

ही विद्या पुण्याच्या परिसरात जिवंत होती, आणि येथूनच ती युरोपला गेली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यात कावसजी नावाच्या मराठा शेतकऱ्याची हकिकत आहे: इंग्रज फौजेत तो बैलांचा गाडीवान होता, १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या इसमाने त्याला नवे नाक केले. नाकाच्या उरलेल्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घेतले, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून, दोन भुवयांमधला देठ तसाच राखून, ती खाली फिरवून बसविली. आणि ती चिकटवली कशाने? काताने. आमच्या पानाच्या तबकातला कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला, तशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसविल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड ठेवले. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ तोडला. पत्राबरोबर जे चित्र छापले ते जेम्स वेल्स या चित्रकाराचे, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकत्र रंगविले तोच. ते पत्र वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तीच क्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पत्रात गाडीवानाचे नाव आहे. ज्याने नाक केले त्या माणसाचे नाव नाही. ही उणीव मला आजही सलते.

कान वाढविण्याची वहिवाट प्रत्यक्ष डोळ्यांनी मी पाहिली ती मात्र दक्षिणेत. काही वर्षांपूर्वी मदुरैहून रामनाथपुरमकडे जाताना एका गावच्या बसथांब्यावर एक वृद्धा भेटली. तिच्या पाळ्या खांद्याला टेकत होत्या, आणि त्यांत सोन्याचे चौकोन, गोल आणि टोकदार आकार एकमेकांत गुंतवून केलेले भूषण होते. त्या मुलखात त्याला पांबडम म्हणतात, आणि त्याचाच एक भाऊबंद म्हणजे तंडट्टी. आतून ते लाखेने भरलेले असते, म्हणून दिसते तितके जड नसते. तिच्या सोबतच्या नातीने दुभाषाचे काम केले. लहानपणी पाळी चिरून आधी कापूस, मग ताडाच्या पानाची गुंडाळी, मग शिशाच्या कड्या, असा तो क्रम. ताडाच्या पानाच्या त्या गुंडाळीचे कौतुक मला अजून वाटते: घट्ट वळलेले पान सुटू पाहते, आणि सुटता सुटता, दिवसरात्र, कोणी हात न लावता, पाळीला चहूबाजूंनी सारखे ढकलीत राहते. तमिळमध्ये ओलै म्हणजे ताडपत्र आणि ओलै म्हणजे कर्णभूषणही; आपला ‘ताटंक’ हा शब्दही त्याच झाडाच्या आसपासचा आहे. त्या वृद्धेच्या धाकट्या बहिणीने लग्नानंतर शहरात जाऊन पाळ्या कापून शिवून घेतल्या होत्या, कारण नव्या पिढीला लाज वाटू लागली होती. ही लाज कोठून आली, हे तिला मी विचारू शकलो नाही.

नाथपंथीयांची गोष्ट वेगळी आहे आणि ती या विषयात मिसळू नये. त्यांचे छिद्र पाळीत नसून कानाच्या मधल्या कूर्चेत असते. गुरू ते दुधारी सुरीने करतो, जखमेत कडुनिंबाची काडी राहते, आणि ती भरल्यावर मुद्रा येते. ‘नाव पडले कानफाट्या’ ही म्हण ज्यांच्यावरून आली त्यांनी त्या नावासाठी काय सोसलेले असते, हे म्हण वापरणाऱ्याने एकदा लक्षात घ्यावे.

आता पुन्हा भाच्याकडे. चार महिन्यांनी त्याच्या पाळ्या भरल्या. श्रावणात त्याने ५ मिलिमीटरचा प्लग घातला आणि कार्तिकात ६ चा. दोन्ही वेळा ऊन पाण्याने शेकून, तेलाचे बोट फिरवून, काही एक जोर न करता. जागा झालेली असली की वस्तू आपली आपण आत जाते, नसली तर गेली नाही पाहिजे, हा नियम त्याला तोंडपाठ होता. रोज रात्री प्लग काढून धुवायचा, कारण त्याच्याभोवती कातडीचा मळ साचून उग्र वास येतो; पाळी अंगठ्याने चोळायची; ही उपासना तो निष्ठेने करीत असे. पण पौषात मित्राच्या लग्नाला १० चे लाकडी प्लग घालून जावे अशी उमेद धरून त्याने ७ गाळले आणि निमुळत्या टेपरने एकाच रात्री ८ पर्यंत ढकलले. तिसऱ्या दिवशी डाव्या पाळीच्या मागून आतली त्वचा बाहेर उलटून आली, छिद्राभोवती ओलसर, लाल, ओठासारखी कड. या धंद्यात त्याला ‘ब्लोआउट’ म्हणतात. टोचणाऱ्या मुलीने ती पाहिली आणि ती रागावली नाही. तिने कपाटातून ५ चा प्लग काढून त्याच्या हातावर ठेवला. वर्षभराची चाल त्या एका रात्रीने मागे गेली. घरी तो कोणाशी बोलला नाही; आई मात्र त्याच्याजवळ जाऊन बसली आणि बऱ्याच वेळाने तिने आपले डाव्या बाजूचे केस मागे सारले. तिने स्वतः होऊन ते केल्याचे मी पूर्वी पाहिले नव्हते.

आपला कान शिवता येईल का, असे तिने चैत्रात विचारले. तेही मला नव्हे, नातवाला. तोच तिला एका प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेला. त्यांनी दुभंगलेली पाळी पाहिली आणि सांगितले, की भरलेली कातडी भरलेल्या कातडीला सांधत नाही. दोन्ही कडांवरून कातडीची बारीक पट्टी काढून त्या पुन्हा ताज्या जखमेसारख्या कराव्या लागतील, मगच टाके. मी त्यांना सुश्रुताने सांगितलेले कडा खरवडणे सांगितले. ते हसले, आणि कपाळाच्या कातडीने नाक करण्याला आम्ही आजही भारतीय पद्धतच म्हणतो, असे म्हणाले. पाळीपुरती भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासात काम झाले. पाळीच्या तळाशी खाच राहू नये म्हणून तेथे त्यांनी छेद सरळ न घेता नागमोडी घेतला होता; तेवढ्या भागावर त्यांनी सर्वांत अधिक वेळ घालविला. आठव्या दिवशी टाके निघाले. इतक्या वर्षांनी माझ्या मुठीने केलेली रेघ एका फिक्या धाग्याएवढी उरली. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. आईने आरसा मागितला आणि तो फार वेळ हातात ठेवला.

छिद्र पुन्हा पाडायचे ते तीन महिन्यांनी, आणि वणावर नव्हे, त्याच्या शेजारी, असे सर्जनांनी बजावले होते. ताईला वाटले, आई सोनाराकडे जाईल. आषाढात ती म्हणाली, ‘त्या मुलीकडे चला.’ दोन मजले ती कठड्याला धरून चढली. कबुलीपत्र तिने चष्मा लावून सबंध वाचले आणि मोडी वळणाच्या आपल्या जुन्या सहीने सही केली. भाचा शेजारी उभा होता, कानांत पुन्हा ६ चे प्लग, भरलेले, शांत. मुलीने हातमोजे घातले, पाळी चिमटीत धरली, वण चाचपला, दिव्याकडे पाहिले आणि मान हलविली. ‘आजी, जरा खिडकीशी या,’ ती म्हणाली. पावसाने उघडीप दिली होती. तिने आईला हलकेच वळविले, डाव्या हाताने पाळी किंचित ओढून धरली, आणि मागून ऊन आले तशी ती पाळी आतून तांबूस उजळली: मधोमध वणाची गडद रेघ, आणि तिच्या पलीकडे, गालाच्या बाजूला, एवढीशी जागा, जेथून प्रकाश सरळ आरपार येत होता.

‘इथे,’ असे म्हणून तिने शाईचा ठिपका दिला.